रूट कॅनालमध्ये राहिलेला तुकडा आणि ग्राहक आयोगातली माझी तक्रार

दाताच्या उपचारातल्या निष्काळजीपणाबद्दल मी केलेल्या तक्रारीचा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये लागला. अपिलाची मुदत संपेपर्यंत कुठेही काही लिहू नका, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. आता पैसेही जमा झालेत, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. डॉक्टरांचं आणि क्लिनिकचं नाव देणार नाही. मी वकील नाही, त्यामुळे याला कायदेशीर सल्ला समजू नका. पण २०२१ च्या शेवटी सुजलेला गाल धरून मी इंटरनेट चाळत होते, तेव्हा मराठीत असं काही सापडलं असतं तर माझ्या बऱ्याच झोपा वाचल्या असत्या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुण्यात, तेव्हाच्या ऑफिसजवळच्या क्लिनिकमध्ये, उजवीकडच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल केलं, म्हणजे दाढेच्या मुळांतल्या बारीक नळ्या (कॅनाल) साफ करून भरून घेतल्या. दंतवैद्यांच्या भाषेत ही ४६ नंबरची दाढ. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक कागदावर दाताचा नंबर जुळावा लागतो. दुसऱ्या सिटिंगला डॉक्टर मध्येच थांबले, लागोपाठ एक्स-रे काढले, बाहेर जाऊन कोणाशी तरी बोलून आले. मी विचारलं तर म्हणाले, "कॅनाल जरा वाकडा आहे, बाकी काही नाही." पुढच्या खेपेला झिर्कोनियाची कॅप बसली. सगळे मिळून साडेअकरा हजार दिले, यूपीआयने. पावती मिळाली ती फक्त कॅपची.

चावताना कळ येतच राहिली. जुलैमध्ये फोन केला. उत्तर आलं, "सेटल व्हायला वेळ लागतो, त्या बाजूने चावू नका." नोव्हेंबरमध्ये हिरडीवर पुवाची पुळी आली. तोवर मी नोकरी बदलून माझ्या जिल्ह्यात परत आले होते. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, स्क्रीनकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "रूट कॅनाल स्पेशालिस्टना दाखवा, मी चिठ्ठी देतो."

त्या स्पेशालिस्ट डॉक्टरबाईंनी मला खुर्चीतून उठवून स्क्रीनसमोर बसवलं. दाढेच्या पुढच्या मुळात पांढरीशुभ्र बारीक रेघ दिसत होती. कॅनाल साफ करायला जी बारीक, लवचीक धातूची फाइल वापरतात, तिचं टोक तुटून आत राहिलं होतं. त्याच्या खालचा भाग साफही झाला नव्हता आणि भरलाही नव्हता. सीबीसीटी स्कॅन (दाताचा त्रिमितीय एक्स-रे) केला तर मुळाला बाजूने भोकही पडलेलं दिसलं. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला होता. दाढ वाचण्यासारखी नव्हती.

मी रागाने थरथरत होते. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "फाइल तुटणं माझ्याही हातून झालंय. वाकड्या कॅनालमध्ये ती तुटू शकते. पण पेशंटला तेव्हाच सांगायचं असतं. कधी मायक्रोस्कोपखाली काढता येते, कधी बाजूने वाट काढता येते. जमत नसेल तर दुसऱ्याकडे पाठवायचं." मला वाटलं, या आपल्या धंदेभावाला सांभाळून घेतायत. पुढे पूर्ण प्रकरण त्यांच्या या चार वाक्यांवरच उभं राहिलं.

डिसेंबर २०२१ मध्ये दाढ काढली. काढण्याआधी मी एक मागणी केली होती, जी प्रत्येकाने करावी: दात फेकू नका, मला द्या. डॉक्टरांनी तो बाटलीत घालून, नाव-तारीख लिहून दिला, फोटो काढले आणि काढलेल्या दाताचाही एक्स-रे घेतला. त्यात तुकडा स्पष्ट दिसत होता. दुसरी गोष्ट म्हणजे लेखी अहवाल. "आधीच्या डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला असं लिहून द्याल का?" असं विचारलं तर बहुतेक डॉक्टर हात आखडता घेतात, आणि ते समजण्यासारखं आहे. मी तसं मागितलंच नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या दातात, काय दिसलं, कोणता उपचार करावा लागला, एवढंच लिहून द्या म्हटलं. ते त्यांनी लगेच दिलं. निष्काळजीपणा ठरवायचं काम आयोगाचं असतं.

मग पुण्याच्या क्लिनिकला रजिस्टर्ड एडीने अर्ज पाठवला: माझा केस पेपर, सर्व एक्स-रे आणि संमतिपत्राच्या प्रती द्या. फोनवर मागू नका. फोनवरच्या "देतो की" ला कागदावर काही किंमत नसते. तीनेक आठवड्यांनी केस पेपरची झेरॉक्स आली. दुसऱ्या सिटिंगच्या तारखेपुढे फक्त साफसफाई झाल्याची नोंद होती. फाइल तुटल्याचा उल्लेख नव्हता. एक्स-रे "सिस्टीममध्ये उपलब्ध नाहीत". संमतिपत्र म्हणजे छापील चार ओळी आणि खाली माझी सही.

जानेवारी २०२२ मध्ये एका ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तारखांचा, दुखण्याचा नंतर. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. माझ्यासारख्या प्रकरणात कारण कधी घडलं मानायचं, उपचाराच्या दिवशी की तुकडा सापडला त्या दिवशी, यावर वाद होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाचा श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस हा २०१० चा निकाल त्यांनी सांगितला. शस्त्रक्रियेत पोटात गॉझ राहिल्याची ती तक्रार होती. नुकसान आत दडलेलं असेल तर ते कळल्यापासून मुदत मोजता येते, हे तत्त्व न्यायालयाने मानलं. पण त्या तक्रारदार बाईंना वर्षानुवर्षं दुखत असून त्यांनी चौकशी केली नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली. "मला नंतर कळलं" यावर विसंबून राहू नये. आम्ही उपचाराच्या तारखेपासूनच दोन वर्षांच्या आत दाखल करायचं ठरवलं आणि तो वादच मिटवला.

मग वाटा कोणत्या, यावर बोलणं झालं. माझ्या डोक्यात पोलीस होते. सरळ एफआयआर. वकीलबाईंनी समजावलं की २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा तर निष्काळजीपणा फार ढोबळ, गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, आणि पोलिसांनाही आधी स्वतंत्र डॉक्टरांचं मत, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरांचं, घ्यावं लागतं. माझं प्रकरण तिथे टिकलं नसतं. दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा लावता येतो, पण मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे तक्रार करता येते. तेव्हा लागू असलेल्या दंतवैद्य कायदा १९४८ खाली परिषद डॉक्टरचं नाव नोंदवहीतून ठरावीक काळासाठी किंवा कायमचं काढू शकत होती. भरपाई मात्र ती देत नाही. पैसे परत हवे असतील आणि खर्च आवाक्यात हवा असेल तर ग्राहक आयोग.

डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालापासून ठरलेलं आहे. अट एवढीच की सेवा पैसे घेऊन दिलेली हवी. जिथे सगळ्यांनाच सगळे उपचार फुकट असतात, तिथल्या उपचारांसाठी ही वाट बंद आहे. माझ्याकडे यूपीआयच्या नोंदी होत्या. बँकेचं स्टेटमेंट काढून त्या दोन ओळी अधोरेखित केल्या आणि कॅपच्या पावतीला जोडल्या.

फेब्रुवारीत क्लिनिकला वकिलांची नोटीस गेली. तक्रारीआधी नोटीस देणं कायद्याने बंधनकारक नाही, पण तिचं उत्तर येतं आणि त्यातून समोरचा काय बोलणार ते कळतं. उत्तर आलं: फाइल तुटणं ही ज्ञात गुंतागुंत आहे, पेशंट फॉलोअपला आली नाही. सोबत फोनवरून एक प्रस्ताव: पंधरा हजार घ्या, पुढचे उपचार फुकट करू, एका कागदावर सही करा. त्या कागदात "उपचारात कोणताही दोष नव्हता" असं वाक्य होतं. घरात दोन मतं पडली. आई म्हणाली, "अगं घे आणि मोकळी हो, कोर्टकचेऱ्यांत कोण पडतं?" नवऱ्याचं म्हणणं, सही तेवढी करू नकोस. ते वाक्य मलाच गिळवेना.

मार्च २०२२ मध्ये ई-दाखिल पोर्टलवरून तक्रार दाखल केली. (१ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी ई-जागृती आलं आहे.) इथे तीन गोष्टी कळल्या ज्या मला आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. क्लिनिक पुण्यात असलं तरी तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. नव्या कायद्याने दिलेली ही सोय फार मोलाची आहे, नाहीतर दर तारखेला पुणे गाठावं लागलं असतं. जिल्हा आयोगाची मर्यादा मोजतात ती आपण दिलेल्या मोबदल्यावरून, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. ही मर्यादा पन्नास लाखांची आहे, म्हणजे दातांची जवळपास सगळी प्रकरणं जिल्ह्यातच बसतात. आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्क शून्य. वकील न लावता स्वतःही बाजू मांडता येते, तक्रार मराठीत चालते. मी वकील लावला कारण समोर डॉक्टरांची विमा कंपनीही येणार याचा अंदाज होता. तीस हजार फी ठरली, टप्प्याटप्प्याने.

पोर्टलवर त्रुटी निघाल्या. पानांना सलग क्रमांक नाहीत, दोन झेरॉक्स वाचता येत नाहीत, शपथपत्राच्या एका पानावर नोटरीचा शिक्का नाही. सगळं पुन्हा स्कॅन केलं. ऑनलाइन भरूनही कागदी संच द्यावे लागलेच: आयोगाचा, प्रत्येक सामनेवाल्याचा (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा) आणि आपला. एक्स-रेची झेरॉक्स काळी पडते, तिच्यावर काही दिसत नाही. फोटो स्टुडिओत चकचकीत कागदावर प्रिंट काढल्या आणि तुकड्याभोवती पेनाने गोल केला. एका सदस्यांनी नंतर नेमकी तीच प्रिंट हातात धरून प्रश्न विचारले.

तक्रार दाखल करून घेतली गेली ती जूनमध्ये. नोटिसा निघाल्या. समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला तीस दिवस मिळतात, आयोग आणखी पंधरा देऊ शकतो, त्यापुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं आहे. म्हणणं आलं मुदतीच्या अगदी टोकाला. जाडजूड. विमा कंपनीचं वेगळं. त्यात नेहमीचे मुद्दे: प्रकरण गुंतागुंतीचं आहे म्हणून दिवाणी कोर्टात पाठवा, तज्ज्ञाचा पुरावा नाही, संमतिपत्रावर सही आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर वाटत राहिलं की आपणच काहीतरी गैर केलंय. "तक्रारदार पैसे उकळण्याच्या हेतूने" वगैरे भाषा त्यात असते. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, हा मजकूर साचातला असतो. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी लगेच एक अर्ज दिला: मूळ डिजिटल एक्स-रे सादर करण्याचा आदेश व्हावा. हा अर्ज म्हणजे प्रकरणाचा कणा ठरला. आधी "उपलब्ध नसलेले" एक्स-रे आयोगाच्या आदेशानंतर सापडले. दुसऱ्या सिटिंगच्या तारखेच्या एक्स-रेत तुकडा स्वच्छ दिसत होता. म्हणजे डॉक्टरांना त्याच दिवशी कळलं होतं. कळूनही केस पेपरवर लिहिलं नाही, मला सांगितलं नाही आणि वर कॅप बसवली.

इथून माझ्या तक्रारीचा सूर बदलला. तोवर मी "फाइल तुटली, भोक पडलं, दाढ गेली" एवढंच घोकत होते. उपचार फसणं वेगळं आणि निष्काळजीपणा वेगळा, हे आयोगाच्या बाकावर बसून बसून कळलं. कायद्याची कसोटी अशी की तशाच परिस्थितीत साधारण कौशल्याचा, काळजी घेणारा डॉक्टर जे करेल ते याने केलं का. चांगल्या डॉक्टरच्या हातूनही फाइल तुटते, म्हणून तुटण्यावर लढलो असतो तर हरलो असतो. पण तुटल्यावर चांगला डॉक्टर सांगतो, नोंद करतो, गरज पडली तर पुढे पाठवतो. प्रत्युत्तराच्या शपथपत्रात आम्ही सगळा भर यावर दिला. संमतीबद्दल २००८ च्या समीरा कोहली निकालाचा आधार घेतला: पेशंटला पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमती हीच खरी संमती. चार छापील ओळींतून फाइल आत ठेवायची परवानगी निघत नाही.

कायद्यात लिहिलंय की समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा. वाचून हसू येतं. मधल्या काळात कधी कोरम (सुनावणीला लागणारे पुरेसे सदस्य) नसायचा, कधी समोरचे वकील मुदत मागायचे. आपण सकाळपासून बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, नाव शोधत बसायचं आणि दुपारी पुढची तारीख घेऊन निघायचं. माझा उपाय साधा होता: आदल्या संध्याकाळी ऑनलाइन बोर्ड पाहायचा आणि प्रत्येक वेळी जायचा हट्ट सोडायचा. तारखेच्या प्रत्येक टप्प्याला तक्रारदाराची गरज नसते. कधी यावंच लागेल ते वकिलांना स्पष्ट विचारून घ्या, रजा वाचतात. मध्यस्थीही झाली, चाळीस हजारांवर येऊन थांबली. पुन्हा तेच "दोष नव्हता" वाक्य. पुढे सरकलो.

तज्ज्ञांच्या मताशिवाय चालेल असं आमचं म्हणणं होतं. २०१० च्या व्ही. किशन राव निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही. तरी आयोगाने कागद एका शासकीय दंत महाविद्यालयाकडे पाठवले. ही वाट पाहणं सगळ्यात वाईट. आपलं भवितव्य कुठल्यातरी टेबलावर पडून आहे आणि आपण फोनही करू शकत नाही. अहवाल आला २०२३ च्या पावसाळ्यात. पहिलाच परिच्छेद फाइल तुटणं ही मान्य गुंतागुंत असल्याचा. माझे हातपाय गार पडले. पुढच्या पानावर मात्र, पेशंटला माहिती देणं आणि नोंद ठेवणं अपेक्षित होतं आणि कागदांत ते केल्याचं दिसत नाही, असं स्पष्ट होतं. स्पेशालिस्ट बाईंना समोरच्यांनी लेखी प्रश्नावली दिली. त्यांनी शपथपत्रावर उत्तरं दिली आणि त्यांना साक्षीला यावं लागलं नाही. तुमच्या डॉक्टरांना साक्षीची धास्ती असेल तर ही सोय त्यांना आधीच सांगा.

मार्च २०२४ मध्ये युक्तिवाद झाला. तोंडी थोडा, लेखी मोठा. निकाल ऑगस्टमध्ये. मुळाला पडलेलं भोक हा स्वतंत्र निष्काळजीपणा म्हणून सिद्ध होत नाही, असं आयोगाने म्हटलं. तुकडा राहिल्याची माहिती दडवणं आणि पुढच्या उपचारासाठी न पाठवणं ही सेवेतली त्रुटी ठरली. क्लिनिकला दिलेले साडेअकरा हजार परत, नंतरच्या उपचारांचा आणि इम्प्लांटचा (काढलेल्या दाढेच्या जागी हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचा) मिळून बावन्न हजार, शारीरिक-मानसिक त्रासापोटी साठ हजार, तक्रारीचा खर्च दहा हजार. मी मागितले होते चार लाख. वकिलांची फी, स्कॅन, प्रवास, बुडालेल्या रजा वजा केल्या तर हाती फार मोठी रक्कम उरली नाही. भरपाईत श्रीमंत होण्याच्या कल्पनेने कुणी या वाटेला येऊ नये. इम्प्लांटचं लेखी कोटेशन मात्र आधीच जोडून ठेवा. ते नसतं तर पुढच्या खर्चाचा आकडा आयोगाने अंदाजाने धरला असता.

राज्य आयोगात अपिलाला पंचेचाळीस दिवस असतात. आदेशातली रक्कम ज्याच्यावर आली आहे त्याला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. समोरच्यांनी अपील केलं नाही. आदेश पाळला नाही तर वसुलीचा आणि दंडात्मक कारवाईचा अर्ज करता येतो, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. ती वेळ आली नाही. विमा कंपनीने धनादेश आयोगात जमा केला. तो काढायला वेगळा अर्ज, पॅन, रद्द केलेला चेक आणि ओळखपत्र लागलं. ओळखपत्रावर माहेरचं आडनाव, तक्रारीत सासरचं, म्हणून आणखी एक शपथपत्र. तक्रारीत नाव घालतानाच ते बँकेच्या पासबुकाप्रमाणे घाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये रक्कम खात्यात आली.

दंत परिषदेकडे तक्रार करायचं मी पुढे ढकललं होतं, आणि निकालानंतर ते केलंच नाही. पुण्याच्या त्या डॉक्टरांनी शेवटच्या तारखेला बाहेरच्या बाकावर, वकील पाणी प्यायला गेले असताना, "मॅडम, तेव्हा सांगायला हवं होतं" एवढं म्हटलं होतं. त्यामुळे केलं नाही की आता पुन्हा फाइलींच्या मागे लागायचं त्राण नव्हतं म्हणून, मला नक्की सांगता येणार नाही. निकाल लागल्यावर आयोगाकडे दिलेल्या मूळ वस्तू परत मिळवायला वेगळा अर्ज करावा लागतो. मूळ एक्स-रे आणि दाढेची बाटली मी तशीच परत आणली. इम्प्लांट जानेवारी २०२५ मध्ये बसवलं. या वेळी प्रत्येक सिटिंगनंतर एक्स-रेची प्रत मागून घेतली, आणि डॉक्टरांनी न कुरकुरता दिली.